दारूखान्याची शिस्त

खंडेनवमीच्या सकाळी नांदेड जिल्ह्यातील नायगाव तालुक्यात घरोघरी पाट मांडले जातात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, सुताराची करवत, शिंप्याची कात्री अशी सारी उपजीविकेची साधने धुऊन-पुसून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. ज्या घरात पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, तेथे तीही या पंक्तीत येऊन बसते. याच दिवसांत गावाबाहेरच्या काळ्या रानात कापसाची बोंडे फुटू लागलेली असतात. सोयाबीनने कापसाची पुष्कळ जागा व्यापली असली, तरी नांदेड आणि कापूस हे नाते तुटलेले नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेले ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण एके काळी दूरदूरच्या प्रांतांत पेरले जात असे. पाटावरची बंदूक आणि रानातला कापूस यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

संबंध आहे, आणि तो अगदी निकटचा आहे. जिनिंगमध्ये रुई निघाल्यानंतर सरकीच्या अंगावर जी आखूड लव उरते, तिला व्यापारात लिंटर म्हणतात. या लवेवर तीव्र आम्लांची प्रक्रिया झाली की ती दिसायला पूर्वीसारखीच राहते, पण तिचा स्वभाव पार पालटतो. वातीसारखी शांत जळणारी वस्तू क्षणार्धात भडकणारी होते. हेच नायट्रोसेल्युलोज, आणि हाच आधुनिक काडतुसातील धूरविरहित दारूचा पाया. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यानंतर युरोपातील देशांना तोफगोळे अपुरे पडू लागले, तेव्हा त्यांची अडचण केवळ पोलादाची नव्हती. दारूसाठी लागणाऱ्या या सरकीवरच्या लवेसाठी आपण मोठ्या प्रमाणावर चीनवर विसंबून आहोत, हे तेथील राज्यकर्त्यांना उशिराने उमगले. शेतात पिकणारे बोंड हीदेखील राष्ट्राच्या शस्त्रसिद्धतेची सामग्री आहे, हा धडा जगाने नव्याने गिरवला.

भारताने या क्षेत्रात घेतलेली झेप अभिमानास्पद आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाची संरक्षणसामग्रीची निर्यात २३ हजार ६२२ कोटी रुपयांवर पोहोचली. परंतु ज्या वेळी आकडे वाढतात, त्याच वेळी त्या आकड्यांमागच्या हातांची विचारपूस अधिक आस्थेने व्हावयास हवी. ती तशी होते काय?

भंडाऱ्याची सकाळ

२४ जानेवारी २०२५. प्रजासत्ताक दिन दोन दिवसांवर आला होता. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत सकाळी साडेदहाच्या सुमारास स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि त्याखाली कामगार गाडले गेले. आठ जण मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी एकच वर्ष, जानेवारी २०२४ मध्ये, याच निर्माणीत एका कर्मचाऱ्याचा बळी गेला होता. तोफा-बंदुकांच्या दारूचे उत्पादन हे या निर्माणीचे एक प्रमुख काम. जेथे स्फोट झाला, त्या विभागातील द्रव्य धूरविरहित दारूहून वेगळे, प्लॅस्टिक स्फोटकाच्या जातीचे होते. पण आवार तेच, शिस्तीची गरज तीच, आणि संध्याकाळी परतण्याची वाट पाहणारी घरेही तशीच.

विदर्भाच्या कपाळी हे दुःख वारंवार आले आहे. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात अपरात्री लागलेल्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जणांना वीरमरण आले. त्यांतील बहुतेक जण आग विझविण्यासाठी धावून गेले होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळच्या बाजारगाव येथील खासगी कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत सहा महिला होत्या. पुढच्याच वर्षी, १३ जून २०२४ रोजी, नागपूर परिसरातील धामणा येथे पुन्हा तसाच प्रसंग ओढवला आणि तेथेही मृतांत महिलाच अधिक होत्या.

सीमेवर जवान धारातीर्थी पडला की गाव लोटते, पुष्पचक्रे वाहिली जातात, चौकाला नाव दिले जाते. ते योग्यच आहे. पण त्या जवानाच्या बंदुकीतील दारू ज्याने मळली, सुकवली, तोलली आणि भरली, तो गेला तर दोन दिवसांची बातमी, नुकसानभरपाईची घोषणा आणि चौकशी समिती एवढ्यावर समाजाचे कर्तव्य संपते. राष्ट्ररक्षणाची साखळी सीमेवरून सुरू होत नाही. ती दारूघरातून सुरू होते. तिची ती पहिली कडी कच्ची राहिली, तर शेवटची कडी कितीही पोलादी असून उपयोग नाही.

अमात्यांची दृष्टी

दारू सांभाळण्याचे शास्त्र या मातीला नवे नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांच्या व्यवस्थेचा विचार करताना दारूखान्याचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे. दारूखाना राहत्या घराच्या जवळ नसावा, त्यासाठी तळघर करावे, ओल लागू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने जाऊन दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावे, तेथे सदैव राखण असावी आणि परवानगीवाचून कोणी जाऊ नये, असा त्या मार्गदर्शनाचा आशय आहे.

आजच्या कोणत्याही दारूगोळा भांडाराची नियमावली उघडून पाहावी. वस्तीपासून अंतर, ओलावा व तापमान यांवर नियंत्रण, ठरावीक मुदतीने तपासणी, जबाबदार अधिकाऱ्याची प्रत्यक्ष उपस्थिती आणि मर्यादित प्रवेश, हीच पाच सूत्रे तिच्या मुळाशी सापडतील. अमात्यांनी तपासणीचे काम हवालदारावर सोपवले, ‘कोणीतरी पाहील’ असे म्हटले नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला जे समजत होते, ते आजच्या व्यवस्थापनाला समजत नाही असे म्हणता येणार नाही. उणीव असते ती आचरणाची.

अमात्यांच्या काळची दारू काळी होती. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे ते मिश्रण. तिने रणांगण धुराने भरून जाई. १८४६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे शॉनबाइन या प्राध्यापकाने स्फोटक कापसाचा शोध लावला, तेव्हा सर्वत्र त्याचे कारखाने निघाले आणि पाठोपाठ उडूही लागले. कापसाच्या तंतूंत अडकून राहिलेले आम्ल पूर्णपणे धुऊन काढल्याखेरीज हा माल विश्वासाचा नाही, हे कळेपर्यंत अनेकांचे प्राण गेले. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने त्यापासून बंदुकीत वापरता येईल अशी दारू बनविली. १८८९ मध्ये ब्रिटिशांनी नायट्रोग्लिसरीन मिसळून ‘कॉर्डाइट’ आणले. निलगिरीतील अरुवनकाडू येथील कॉर्डाइट कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभापासून हेच काम करीत आला आहे.

दारू म्हातारी होते

धूरविरहित दारूचे पहिले वैगुण्य हे की ती वयाने बिघडते. तिच्यातील नायट्रोसेल्युलोज अतिशय मंद गतीने आपोआप विघटित होत असते. त्यातून निघणारी आम्लवायूंची वाफ पुढील विघटनाला वेग देते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि अखेरीस ठिणगीवाचूनच दारू पेटते. हे टाळण्यासाठी तिच्यात डायफिनायलअमाइनसारखे स्थिरकारक द्रव्य मिसळतात. ते त्या वायूंना शोषून घेते, पण स्वतः खर्ची पडत जाते. ते संपले की राखणदार झोपला. फ्रान्सच्या तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘येना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या युद्धनौका शत्रूच्या एकाही गोळ्यावाचून उद्ध्वस्त झाल्या. पहिलीवर शंभराहून अधिक, तर दुसरीच्या दुर्घटनेत दोनशेहून अधिक माणसे गेली. दोन्ही ठिकाणी संशय गेला तो कोठारातील जुनाट, बिघडलेल्या दारूवर.

मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. उष्णतेने विघटनाचा वेग वाढतो. म्हणून थंड, कोरडी, हवेशीर साठवण आणि स्थिरकारकाची नियमित चाचणी यांना येथे पर्याय नाही. डबा उघडताच आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला, तांबूस वाफ दिसली किंवा दाण्यांवर गंजासारखी भुकटी चढलेली आढळली, तर ती दारू मरणाच्या वाटेवर आहे असे समजावे. तिला हात न लावता अधिकाऱ्यांना कळवावे.

दुसरे वैगुण्य तिच्या जळण्यात आहे. सामान्य आग हवा तोडली की विझते. या दारूच्या रेणूंतच प्राणवायू असल्याने वाळू किंवा घोंगडे टाकून ती गुदमरत नाही. उघड्यावर ती भडकून जळते, पण बंदिस्त भांड्यात तीच स्फोटाचे रूप घेते. म्हणूनच ती जाड लोखंडी पेटीत घट्ट कोंडून ठेवणे हे सुरक्षिततेचे नव्हे, संकटाचे लक्षण आहे. ज्या मूळ वेष्टनात ती येते, त्यातच ती राहावी. दोन जातींची दारू एकत्र करू नये आणि खूणचिठ्ठी नसलेली दारू वापरू नये. आग दारूपर्यंत पोहोचली असेल, तर विझविण्याचे शौर्य न दाखविता सर्वांना दूर हटविणे हेच खरे कर्तव्य होय.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत नायलॉनचा कपडा अंगातून काढताना जी चरचर ऐकू येते, ती स्थिर विजेची असते. कोरड्या नायट्रोसेल्युलोजला तेवढी ठिणगी पुरे होते. त्यामुळे कारखान्यात ते ओले ठेवूनच हाताळतात. कामगाराने सुती कपडे घालणे, वीज जमिनीत उतरविणारे बूट वापरणे, आत शिरताना जमिनीशी जोडलेल्या धातूच्या दांड्याला हात लावणे, ठिणगी न पडणारी पितळी किंवा लाकडी हत्यारे घेणे, भ्रमणध्वनी बाहेर ठेवणे आणि कामाच्या जागी त्या पाळीपुरताच माल व त्या कामापुरतीच माणसे ठेवणे, हे नियम वरकरणी क्षुल्लक वाटतात. त्यांतील प्रत्येक नियमामागे कोठेतरी झालेला एक मृत्यू उभा आहे.

न दिसणारी जखम

स्फोटाची बातमी होते, मंद विषबाधेची होत नाही. कॉर्डाइटसारख्या दारूत असणारे नायट्रोग्लिसरीन त्वचेतून आणि श्वासातून शरीरात शिरते व रक्तवाहिन्या रुंदावते. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी डोके फुटेल असे दुखते, भोवळ येते. दोन-चार दिवसांत शरीराला सवय होते आणि दुखणे थांबते. सुट्टीचा दिवस आला की ही सवय मोडते आणि पहिल्या पाळीला पुन्हा तोच त्रास सुरू होतो. कामगारांच्या जगात हे दुखणे ‘सोमवारची डोकेदुखी’ म्हणून ओळखले गेले. ती टाळण्यासाठी पाश्चात्त्य कारखान्यांतील कामगार सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्ट्याला हे द्रव्य चोळून ठेवीत, अशीही नोंद आहे. गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. रोजच्या संपर्काने सैलावलेल्या रक्तवाहिन्या संपर्क तुटताच आकसतात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी किंवा कामावर परतण्याच्या सुमारास छातीत कळ येऊन धडधाकट तरुण कामगार अचानक दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत.

अनेक मध्यमवर्गीय घरांत वडीलधाऱ्यांच्या खिशात जिभेखाली ठेवायची ‘सॉर्बिट्रेट’ची गोळी असते. ती याच नायट्रेट कुळातील. डॉक्टरांच्या मापाने दिलेले तेच द्रव्य हृदयाला आराम देते आणि मापावाचून रोज अंगात मुरलेले तेच द्रव्य हृदयावर उठते. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यालाही अखेरच्या काळात हृदयविकारावर नायट्रोग्लिसरीनच सुचविले गेले होते.

काही जातींच्या दारूत असणाऱ्या डायनायट्रोटोल्युइनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ व नखे निळसर दिसू लागतात, धाप लागते, पांडुरोग जडतो, यकृताला इजा पोहोचते. ते कर्करोगकारक असल्याचाही संशय आहे. आम्लविभागातील वाफेने पुढच्या दातांचा वरचा थर झिजतो. तांबूस आम्लवायू जास्त प्रमाणात हुंगला गेला, तर त्या वेळी केवळ खोकला येतो आणि माणूस घरी जातो. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून अशा प्रसंगी ‘बरे वाटते आहे’ या शब्दावर विसंबून कोणालाही घरी पाठवू नये. त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे.

नेमबाजीच्या क्षेत्रालाही हे लागू आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकल्यानंतर अनेक पालकांचे लक्ष या खेळाकडे वळले. बंदिस्त सरावगृहात दारूच्या धुराबरोबर टोपीतील आणि गोळीतील शिसेही हवेत मिसळते. वायुवीजन उत्तम आहे की नाही हे पाहणे, सरावानंतर हात-तोंड धुतल्याखेरीज काही न खाणे आणि ते कपडे घरच्या लहान मुलांच्या कपड्यांत न मिसळणे, एवढी दक्षता प्रत्येक पालकाने घ्यावयास हवी.

गावाने काय करावे?

नायगावसारख्या तालुक्याचा या विषयाशी दोन बाजूंनी संबंध येतो. पहिली बाजू रोजगाराची. आयुध निर्माण्यांतून ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’, म्हणजे धोक्याच्या इमारतीत काम करणारा कामगार, अशी पदे निघतात आणि आयटीआय झालेले तरुण त्यांसाठी अर्ज करतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. त्यानंतर अशा जागा ठरावीक मुदतीच्या कराराने भरल्या जाऊ लागल्या आहेत. देशसेवेची आणि पोटाची अशी दुहेरी ओढ घेऊन खेड्यातला मुलगा तेथे जातो. करार मुदतीचा असला, तरी शरीर मुदतीचे नसते. कायम कामगाराला जे प्रशिक्षण, जे संरक्षक साहित्य आणि जी वैद्यकीय तपासणी मिळते, तीच करारावरच्या मुलालाही मिळावी, यात तडजोड संभवत नाही.

भोपाळच्या महाभयंकर दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात झालेल्या दुरुस्तीने धोकादायक उद्योगातील कामगाराला आपल्या कामातील धोक्यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. परंतु रक्तदाब मोजून सही घेणे म्हणजे तपासणी नव्हे. रक्ताची, यकृताची आणि हृदयाची तपासणी व्हावी, ती निवृत्तीनंतरही काही वर्षे चालू राहावी आणि तिचा निष्कर्ष कामगाराच्या हाती मराठीत पडावा. तसेच प्रत्येक दुर्घटनेच्या चौकशीतील गोपनीय भाग वगळून उरलेला अहवाल लोकांपुढे यावा. सुरक्षेच्या नावाखाली शत्रूपासून गुपिते राखणे समजू शकते. आपल्याच कामगारापासून त्याच्या मृत्यूचे कारण राखणे समजण्यापलीकडचे आहे. या मागण्यांना कोणी संरक्षण उत्पादनातील अडथळा म्हणू नये. जखमी कारखाना सैन्याला वेळेवर दारूगोळा देऊ शकत नाही.

दुसरी बाजू गावातल्या बंदुकीची. रानडुकरे आणि रोही यांनी शेतकरी मेटाकुटीला आला आहे, हे खरे. पण काही घरांत अजूनही ठासणीची बंदूक आहे. ती काळ्या दारूसाठी घडविलेली असते. काडतूस फोडून काढलेली धूरविरहित दारू तिच्यात ठासली, तर दाब कित्येक पटींनी वाढून नळी फुटते आणि धरणाऱ्याचा हात, डोळा किंवा जीव जातो. दिसायला दोन्ही दाणेच, पण एक बैल आहे तर दुसरा उधळलेला हत्ती. काडतुसे फोडणे, घरी दारू भरणे, डुकरांसाठी गावठी बॉम्ब पेरणे हे गुन्हे तर आहेतच, शिवाय अशा बॉम्बला तोंड लावणारी गाय किंवा तो उचलणारे पोर आपल्याच घरचे असते. काडतुसे कुलपात आणि बंदुकीपासून वेगळी ठेवावीत. वडिलांच्या पश्चात माळ्यावर सापडलेली जुनी काडतुसे चुलीत, विहिरीत वा उकिरड्यावर न टाकता पोलीस ठाण्याला कळवावे. सैन्याच्या सरावक्षेत्राजवळ सापडलेला गोळा भंगारासाठी उचलू नये, ही गोष्ट तर शाळेच्या परिपाठात सांगावी. गावोगावचे निवृत्त जवान हे काम उत्तम करू शकतील. शस्त्राची शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली असते.

शस्त्रपूजनाच्या परंपरेत एक क्रम आहे. हत्यार आधी स्वच्छ करायचे, त्याची धार, त्याचा दांडा तपासायचा आणि मग त्याला फूल वाहायचे. तपासणीवाचून वाहिलेले फूल हा उपचार झाला, पूजा नव्हे. येत्या खंडेनवमीला नायगावच्या एखाद्या घरात पाटावर बंदूक येईल, तेव्हा तिच्या नळीबरोबर तिच्या काडतुसांचे वयही पाहिले जावे. आणि ज्या देशाने शस्त्रसज्जतेचा संकल्प सोडला आहे, त्यानेही त्या दिवशी आपल्या दारूघरांतील छपरे, सुकवणीच्या खोल्या आणि तेथे काम करणाऱ्या माणसांच्या नाडीवर हात ठेवून पाहावा. भंडाऱ्याच्या आठ जणांना वाहण्याजोगी श्रद्धांजली तीच.